वस्तऱ्याची धार टिकत नाही? आधी तो केव्हा आणि कुठे ओढतो ते बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. वस्तरा दगडावर लावला, पट्ट्यावर परजला, मनगटावरची लव सहज उडाली. पहिली दाढी बरी झाली. मग हनुवटीवर ओढायला लागला, गळ्यावर आग व्हायला लागली, आणि आठवडा संपायच्या आत दगड पुन्हा बाहेर काढावा लागला. दगडावरून आला की बरा, चार दिवसांनी परत तेच.

अशा दोन-चार फेऱ्या झाल्या की माणूस आणखी बारीक दगड शोधायला लागतो. 8000 नंबरच्या दगडावरून 12000 वर जातो (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक), तिथून एखाद्या नैसर्गिक दगडाकडे, मग हिरव्या पेस्टकडे. माझं ठाम मत आहे की या दुखण्याचं मूळ बारीक दगडात क्वचितच असतं. ते एक तर सगळ्यात खरखरीत दगडावर असतं, नाही तर पट्ट्यावर. नीट लावलेल्या आणि रोज नीट परजलेल्या वस्तऱ्याला काही आठवडे, दाढी फार राठ नसेल तर दोन-तीन महिनेसुद्धा दगडाची गरज पडू नये. दर आठवड्याला दगड लागत असेल तर नवा दगड घेऊ नका, आधी निदान करा.

निदान सोपं आहे, कारण बिघाड कधी दिसतो यावरून त्याचं कारण बऱ्यापैकी ओळखता येतं.

दगडावरून उतरल्यावर पहिल्याच दाढीला ओढत असेल तर बेव्हल, म्हणजे धारेच्या दोन्ही बाजूंची अरुंद सपाट पट्टी, बसलेली नाही. पहिली दाढी अतिशय सुरेख आणि दुसरी-तिसरी एकदम वाईट असेल, तर कडेला दुमडलेली पातळ पत्ती राहिली होती आणि ती तुटली. आठ-दहा दाढ्यांत हळूहळू, सगळीकडे सारखाच बोथट होत असेल तर पट्टा किंवा ओल. फक्त टोकाशी किंवा फक्त मुठीकडच्या टाचेशी ओढत असेल तर पातं दगडाला सगळीकडे टेकत नाहीये. आणि दर वेळी त्याच एका जागी बारीक खाचा पडत असतील तर पोलादात दोष आहे का, ते तपासा.

दगडाकडे वळण्याआधी दाढीची पद्धत तेवढी बघून घ्या. कोरड्या खुंटांवर कोणतीही धार लवकर मरते. केस पाणी शोषून मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा वेळ गरम पाणी आणि फेस चेहऱ्यावर राहू द्या. वस्तरा त्वचेशी साधारण 30 अंशांत धरा. त्याहून उभा धरला तर तो कापत नाही, खरवडतो, आणि त्यात धारही जाते. हे सगळं ठीक असूनही ओढत असेल तर पुढे वाचा.

पहिल्याच दाढीला ओढतो: बेव्हल

वस्तऱ्याची रचना मला फार हुशारीची वाटते. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला नाही. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, आणि कोन पाठीच्या जाडीने ठरतो. पाठ 5 मिमी जाड असेल आणि धारेपासून पाठीच्या टेकण्याच्या जागेपर्यंत 18 मिमी अंतर असेल, तर दोन्ही बाजू मिळून कोन सुमारे 16 अंश येतो. दगडावर घासताना पाठही झिजते आणि धारही, म्हणून वर्षानुवर्षं कोन जवळपास तोच राहतो. दगडाने धारेच्या दोन्ही बाजूंना पाडलेली अरुंद सपाट पट्टी म्हणजे बेव्हल. या दोन पट्ट्या जिथे एकमेकींना भेटतात ती रेघ म्हणजे धार. चांगल्या वस्तऱ्यावर ही रेघ मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, बारीक असते.

घोटाळा इथेच होतो. दोन्ही पट्ट्या एकमेकींच्या अगदी जवळ येऊन थांबल्या, भेटल्याच नाहीत, तरी वस्तरा डोळ्याला धारदार दिसतो. टोकाला एक अतिसूक्ष्म गोलाई शिल्लक असते. तुम्ही 8000 वर जाता, पट्ट्या आरशासारख्या चमकतात, पण ती गोलाई तशीच राहते, कारण 8000 च्या दगडाचे कण एक-दोन मायक्रॉनचे असतात आणि ते धातू इतका कमी काढतात की गोलाई संपवायला तासन्‌तास लागतील. 1000 च्या दगडाचे कण साधारण 12 ते 15 मायक्रॉनचे असतात. हे काम त्याचंच आहे. त्याने ते पुरं केलं नाही तर पुढचा कोणताही दगड ते करत नाही.

लव उडाली म्हणून फसू नका. 1000 च्या दगडावरून आलेल्या कडेला ओरखड्यांचे दाते असतात, आणि त्या दात्यांनीही लव उडते. म्हणून मी सुरुवातीला एक काम करतो जे नवख्याला अघोरी वाटतं: काचेच्या ग्लासाच्या कडेवरून धार एकदा अगदी हलक्या हाताने, वजन न देता ओढून घेतो. वस्तरा सगळीकडे सारखा बोथट होतो. आता त्याच्याने लव उडणार नाही. यानंतर 1000 वर जिथे लव उडेल तिथे बेव्हल नक्की बसली, जिथे उडणार नाही तिथे नाही. जुन्या धारेचा भास मधे येत नाही.

मग मार्कर घ्या. दोन्ही बाजूंच्या बेव्हलवर काळी शाई फिरवा, 1000 च्या ओल्या दगडावर दोन-तीन हात मारा आणि भिंगाखाली बघा. शाई धारेच्या अगदी टोकापर्यंत पुसली गेली पाहिजे, टोकापासून टाचेपर्यंत. धारेलगत एखादी काळी रेघ उरली असेल तर दगड तिथपर्यंत पोचत नाहीये. पाठीलगतच्या बाजूला शाई उरली असेल तर दगड धारेला लागतोय पण बेव्हलच्या मागच्या भागाला नाही. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे, आणि दोन्ही मिनिटभरात कळतं. तीस-साठ पट मोठं दाखवणारं साधं भिंग असलं की पुरतं.

दुसरी खूण प्रकाशाची. दिव्याखाली वस्तरा धार वर करून धरा आणि धारेकडे सरळ वरून बघत पातं हळू डोलवा. खऱ्या धारेला रुंदीच नसते, त्यामुळे ती प्रकाश परतवत नाही. कुठे चांदीसारखी बारीक रेघ किंवा ठिपका चमकला तर तेवढ्या जागी गोलाई किंवा खाच आहे. तो ठिपका जाईपर्यंत 1000 सोडू नका. सगळ्या लांबीवर, त्वचेच्या अगदी जवळून, लव सारखीच उडायला लागली की पुढे जा.

जोर किती द्यायचा? सुरुवातीला थोडा चालतो, पण पोकळ घासलेली, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट केलेली, पातळ पाती जोराखाली वाकतात. पातं वाकलं की धार दगडावरून उचलली जाते आणि दगड धारेच्या मागेच घासत बसतो. म्हणजे जास्त जोर दिल्याने काम लवकर होत नाही, होतच नाही. शेवटचे हात वस्तऱ्याच्या नुसत्या वजनाने.

इथेच पाठीवरच्या टेपचा विषय काढावा लागतो. पाठ झिजू नये किंवा तिच्यावरचं नक्षीकाम जाऊ नये म्हणून बरेच जण पाठीला इलेक्ट्रिकल टेप लावतात. त्यात गैर काही नाही. 0.15 मिमी जाडीची टेप दोन्ही बाजूंना आली की 18 मिमीच्या पात्याचा कोन साधारण एका अंशाने वाढतो. पण एकदा टेप लावून धार काढली आणि पुढच्या वेळी टेपशिवाय बारीक दगडावर गेलात, तर दगड आता कमी कोनात टेकतो आणि बेव्हलच्या मागच्या भागालाच लागतो. धारेला तो शिवतही नाही. कितीही हात मारले तरी वस्तरा सुधारत नाही, आणि हे वरून अजिबात दिसत नाही. वस्तरा दुसऱ्या कोणाकडून लावून आला असेल तर त्याने टेप लावली होती का हे विचारून घ्या. आणि टेप लावायची असेल तर शेवटच्या दगडाआधी ती बदला, कारण 1000 वर ती झिजून पातळ झालेली असते.

पहिली दाढी सुरेख, दुसरी वाईट: दुमडलेली कड

हा बिघाड सगळ्यात जास्त फसवतो, कारण सुरुवात इतकी चांगली होते. बेव्हल बसली, मग उत्साहात एकाच बाजूने खूप हात मारले, किंवा गोल गोल फिरवत राहिलात, किंवा बारीक दगडावर गरजेपेक्षा फार वेळ काढला. अशा वेळी धारेच्या पलीकडे धातूची एक अतिशय पातळ पत्ती लोंबते. ती इतकी पातळ असते की विलक्षण धारदार लागते. पण तिला मागे आधार नसतो. राठ केसाशी गाठ पडली की ती वाकते आणि तुकड्यातुकड्यांनी तुटते. तुटल्यावर मागे जी उरते ती ओबडधोबड कड. तुम्हाला वाटतं धार गेली. खरं तर धार तयारच झाली नव्हती.

ती ओळखायची कशी? भिंगाखाली एका बाजूने बघितलं तर कड स्वच्छ दिसते, दुसऱ्या बाजूने तिच्यावर प्रकाशाची तुटक रेघ दिसते. अंगठ्याचं नख पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर निघेल असं, अगदी हलकं फिरवलं तर एका बाजूला किंचित अडकल्यासारखं लागतं. नख नेहमी धारेपासून दूर जाणाऱ्या दिशेनेच फिरवा, धारेच्या लांबीवर कधीही नाही.

उपाय जोराचा नाही, आळीपाळीचा आहे. धार पुढे ठेवून, एक हात या बाजूने, एक त्या बाजूने, नुसत्या वजनाने. 1000 संपवताना असे दहा-पंधरा हात, आणि पुढच्या प्रत्येक दगडाच्या शेवटी तसेच. कड फारच लोंबत असेल तर काचेवरून पुन्हा एकदा अलगद ओढून ती मुद्दाम मोडून टाका आणि मधल्या दगडापासून वर या. नवखे या पायरीला घाबरतात. पण मोडकी कड चेहऱ्यावर मोडण्यापेक्षा दगडाजवळ मोडलेली बरी.

पेस्टबद्दल थोडं. हिरव्या क्रोमियम ऑक्साइडचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे असतात, आणि चांगल्या धारेवर पेस्टच्या पट्ट्याच्या पाच-दहा फेऱ्या तिला मऊ करतात. पण पेस्टवर धार मागे ओढली जाते. रोज पेस्ट लावत राहिलात तर चामडं थोडं दबून धारेभोवती वळतं आणि बेव्हलचं टोक हळूहळू गोल होतं. मग बारीक दगड त्या गोलाईला टेकत नाही, आणि पुन्हा पहिल्या बिघाडावर येऊन पोचतो. पेस्टचा पट्टा वेगळा ठेवा, रोजच्या पट्ट्याला ती लावू नका, आणि तिच्या फेऱ्या मोजून करा.

फक्त टोकाशी किंवा टाचेशी ओढतो

सगळी पाती सरळ नसतात. जुन्या वस्तऱ्यांत थोडा पीळ असतो, काहींची धार मुद्दाम कमानदार ठेवलेली असते, आणि काहींची पाठ पूर्वीच्या मालकाने एका बाजूला जास्त झिजवलेली असते. पाठीवरच्या झिजेची पट्टी बघा. ती दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीची नसेल, किंवा मधेच नाहीशी होत असेल, तर पातं दगडावर सपाट बसत नाही.

अशा पात्याला रुंद दगडावर सरळ पुढे ढकलून उपयोग नाही. टाचेपासून सुरुवात करून, पुढे नेता नेता पातं बाजूला सरकवत टोकाशी संपवा, म्हणजे प्रत्येक क्षणी धारेचा एक छोटा भागच दगडावर असेल. कमानदार धारेला याच्या जोडीला मनगट थोडं वळवावं लागतं, जेणेकरून वजन टाचेकडून टोकाकडे सरकत जाईल. दर काही हातांनी मार्करची शाई बघा. अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीचा अरुंद दगड असेल तर पीळ असलेल्या पात्याला तो रुंद दगडापेक्षा सोपा जातो.

टाचेची वेगळी अडचण असते. पातं जिथे जाड दांड्याला मिळतं तो खांदा दगडावर चढला की सगळं पातं उचललं जातं आणि टाचेजवळची धार अधांतरी राहते. कितीतरी वस्तऱ्यांच्या टाचेला धार नसते ती याच कारणाने. खांदा दगडाच्या बाहेर राहील असं पातं ठेवा. अनेक वेळा लावून धार मागे सरकत खांद्यापर्यंत आली असेल, तर टाचेचा कोपरा खरखरीत दगडावर घासून गोल करून घ्यावा लागतो. त्यात धारेची काही मिलिमीटर लांबी जाते. दाढीला ती लागतही नाही.

दगड स्वतः सपाट आहे का

यावर लांबण लावत नाही, पण हे तपासल्याशिवाय वरचं सगळं फुकट आहे. वापरून दगड मधे खोल होतो. खोल दगडावर पात्याची दोन्ही टोकं टेकतात आणि मधला भाग हवेत राहतो. दगडावर शिसपेन्सिलीने चौकटी आखा, 400 च्या डायमंड प्लेटवर किंवा जाड काचेवर चिकटवलेल्या ओल्या पॉलिशपेपरवर घासा, सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट. बेव्हल बसवायच्या प्रत्येक वेळेआधी हे करा. कडा थोड्या मारून घ्या, नाही तर धारदार कडेला पातं लागून खाच पडते. आणि एका दगडावरून दुसऱ्यावर जाताना वस्तरा, हात आणि दगड तिन्ही धुवा. 1000 चा एक कण 8000 वर गेला की तिथे केलेल्या सगळ्या कामावर ओरखडा ओढतो.

हळूहळू सगळीकडे बोथट: पट्टा

दगडावर सगळं बरोबर झालं आणि तरीही दहा दिवसांत धार गेली, तर मी पहिला संशय पट्ट्यावर घेतो. रोज वापरतो म्हणून पट्टा सगळ्यांना येतो असं वाटतं. प्रत्यक्षात तोच सगळ्यात जास्त धारा मारतो.

खात्री करायची पद्धत सरळ आहे. दगडावरून उतरलेला वस्तरा परजायच्या आधी एका केसावर तपासा. धुतलेला, सुटा केस बोटांत धरा, मुळाकडची बाजू पकडून, आणि त्याचं लोंबतं टोक धारेवर अलगद टेकवा. टोक, मध, टाच, तिन्हीकडे तो कसा तुटतो ते लक्षात ठेवा. मग पट्ट्यावर नेहमीसारखं परजा आणि त्याच डोक्याचा केस पुन्हा टेकवा. परजल्यानंतर केस आधीपेक्षा सहज तुटला पाहिजे. आधीइतकाच किंवा आधीपेक्षा वाईट तुटत असेल तर दगडाचा काही दोष नाही. केसाची जाडी माणसागणिक बदलते, म्हणून ही तुलना एकाच माणसाच्या केसांनी करा, दुसऱ्याच्या निकालाशी नाही.

पट्ट्यावर चुकतं ते बहुधा तीन ठिकाणी. एक, पाठ उचलली जाते. फेरीच्या शेवटी पातं उलटवताना पाठ पट्ट्यावरून एक मिलिमीटर सुटली तरी धार चामड्यात घुसते आणि टोक गोल होतं. पातं नेहमी पाठीवर फिरवून उलटवा, पाठ पट्ट्याला चिकटलेलीच राहू द्या. फेरी पूर्ण थांबल्यावर उलटवा. वेग यात काहीच मिळवून देत नाही. पहिला महिना इतकं सावकाश परजा की प्रत्येक उलटणं डोळ्यांनी दिसेल.

दुसरी चूक सैल पट्टा. टांगलेला पट्टा मधे झोळ पडेल इतका सैल धरला आणि वर जोर दिला की चामडं धारेवर वळतं. पट्टा ताणून धरा आणि पातं त्याच्यावर नुसतं ठेवा. चामड्याची ओढ हाताला जाणवली पाहिजे, पण पट्टा खाली वाकता कामा नये. आवाजाकडेही लक्ष द्या. एकसारखा, मऊ सरकल्यासारखा आवाज आला तर ठीक. मधेच कर्र झालं तर थांबा, चामड्यावर कण आहे किंवा धारेला खाच.

तिसरं म्हणजे पट्ट्याची अवस्था. कधीतरी धार लागून पट्ट्याला चिरा पडतात. चिरेचा उठलेला काठ दर फेरीला धारेवर आपटतो. काठ बारीक पॉलिशपेपरने खाली बसवा, गरज पडली तर चिकटवा. चीर खोल असेल तर पट्टा बदला. रोज परजायच्या आधी तळहात पट्ट्यावरून फिरवला की धूळ निघते आणि चामड्याला तेवढा ओलावाही मिळतो.

फेऱ्या किती? आधी कापडी पट्ट्यावर वीसेक, मग चामड्यावर पन्नास-साठ. दगडावरून नुकत्याच उतरलेल्या धारेला याच्या दुप्पट दिल्या तरी चालतं. पट्टा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर फेरीत पातं टाचेकडून टोकाकडे सरकवत न्या, नाही तर एक टोक रोज कोरडं राहतं.

ओल

पारंपरिक वस्तरा कार्बन पोलादाचा असतो. आणि ज्या कडेची रुंदी मायक्रॉनच्या आत आहे तिला मारायला दिसेल इतका गंज लागत नाही. बाकी पातं लखलखीत असताना फक्त धारेचं टोक रात्रभरात खाल्लं जाऊ शकतं. सकाळी वस्तरा ओढतो आणि दोष दगडाला दिला जातो. मला वाटतं धार टिकत नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं दुखणं एवढंच आहे.

दाढी झाली की पातं धुवा, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, मग कोरड्या कापडी पट्ट्यावर पाच-दहा फेऱ्या द्या, त्याने धारेवरचा पाण्याचा थर निघतो. मुठीच्या दोन फळ्यांच्या मधे आणि खिळ्याशी पाणी साचतं. तिथे टिश्यूचा तुकडा घालून टिपून घ्या. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका, आणि ओला असताना डबीत किंवा चामड्याच्या म्यानात तर अजिबात नको. काही तास उघडा राहू द्या. आठवडाभर वापरायचा नसेल तर धारेवर खनिज तेलाचा किंवा कॅमेलियाच्या तेलाचा पातळ हात द्या. खाद्यतेल नको, ते काही दिवसांत चिकट होतं. परजायच्या आधी तेल पुसून टाका, ते पट्ट्यात मुरता कामा नये.

स्टेनलेस वस्तरा यात थोडी सवलत देतो. पुसायचा तोही.

तीच जागा पुन्हा पुन्हा चुरते

पोलादापेक्षा केस कितीतरी मऊ असतो, साधारण पन्नास पटींनी, तरी केस धारेचे टवके काढतो. 2020 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दाढीची पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केसांवर चालवून हे कसं होतं ते दाखवलं. केस धारेला काटकोनात न भेटता तिरका वाकून भेटला, कडेवर आधीच खडबडीतपणा असला आणि पोलादाची अंतर्गत रचना तिथे असमान असली, की नेमका तिथूनच तुकडा उडतो. त्यांनी वापरलेली पाती बाजारातल्या साध्या रेझरची होती, पण यातून वस्तऱ्यासाठी घ्यायचं ते स्पष्ट आहे: शेवटच्या दगडाने आधीचे ओरखडे पूर्ण घालवलेले असले पाहिजेत. उरलेला प्रत्येक खोल ओरखडा धारेपाशी येऊन एक खाच बनतो, आणि पुढचे टवके तिथूनच उडायला सुरुवात होते.

याउपर एकाच जागी चुरत असेल तर दोन शक्यता धरा. जुन्या वस्तऱ्यावर गंजाचे काळे खोल ठिपके असतील आणि दगडाने धार मागे सरकवत नेमकी त्या ठिपक्यात आणली असेल, तर तिथे सलग धातूच नाही. ठिपका ओलांडेपर्यंत धार आणखी मागे न्यावी लागते, आणि ठिपके पाठीपर्यंत पसरले असतील तर त्या पात्यावर वेळ घालवू नये.

दुसरी शक्यता म्हणजे पातं कधीतरी तापलं. यंत्रावर घासताना किंवा पॉलिश करताना धारेचा पातळ भाग क्षणात तापतो. वस्तऱ्याच्या कार्बन पोलादाची कठीणता 200 अंश सेल्सियसच्या वर गेलं की उतरायला लागते, आणि निळा रंग दिसला तर तापमान 300 च्या आसपास गेलं असं समजा. तो रंग नंतर घासून काढलेला असू शकतो, म्हणून विकत घेताना दिसत नाही. अशा जागी धार लागते, लव उडते, आणि एका दाढीत मरते. दगड बदलून यात काही होत नाही. 400 च्या आसपासच्या दगडावर तो मऊ भाग कडक पोलाद लागेपर्यंत काढून टाकायचा, मग 1000 वर बेव्हल नव्याने बसवायची.

कोन फार कमी झाल्यानेही कड चुरते, पण तेव्हा ती सगळ्या लांबीवर चुरते. पाठ खूप झिजलेल्या वस्तऱ्याचा कोन वर सांगितल्याप्रमाणे काढून बघा: पाठीची निम्मी जाडी भागिले धारेपर्यंतचं अंतर, हा निम्म्या कोनाचा साइन. पूर्ण कोन 15 अंशांच्या बराच खाली आला असेल तर टेपचा एक थर लावून पुन्हा बेव्हल बसवा. टेप इथे खऱ्या उपयोगाची आहे.

पात्यावर केसाएवढी तडा मात्र दिसली, धारेकडून पाठीकडे जाणारी, तर तो वस्तरा चेहऱ्याला लावू नका. ती दगडाने जात नाही.

आणि धार नीट बसलेल्या वस्तऱ्याने पुढे कधी ओढायला सुरुवात केली तर 1000 बाहेर काढायचं कारण नाही. शेवटच्या बारीक दगडावर, स्वच्छ पाण्याने, आळीपाळीने वीसेक हात नुसत्या वजनाने द्या. शेवटी शेवटी पात्यापुढचं पाणी बेव्हलवर चढून येताना दिसलं तर बेव्हल दगडाला सपाट टेकली आहे असं समजा. परजा आणि दाढी करून बघा. एवढ्याने परत आला तर ठीक. नाही आला तर दगडावर आणखी वेळ घालवू नका, मार्कर घ्या आणि शाई कुठे उरते ते बघा.